कडा फार मळल्या होत्या

७ सप्टेंबर, सोमवार

ताई,

पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम नमस्कार' लिहायची पद्धत आहे. मी लिहिणार नाही. प्रेम आत्ता हाताशी नाही, आणि नमस्कार करावा असं तू काही केलेलं नाहीस.

काल महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन. सगळी मंडळी उठली, येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस घ्यायला ओळ लागली, आणि बाबा नेहमीसारखे शेवटच्या बाकावर बसून राहिले, टोपी मांडीवर ठेवून. अकरा वर्षं झाली. चाळीस वर्षं ज्यांनी त्या चर्चची घंटा वाजवली, दारं उघडली, बाक पुसले, त्यांना आता नवी माणसं 'ते भाकर न घेणारे आजोबा' म्हणून ओळखतात. काल एका बाईने मला विचारलं, "तुमच्या वडिलांचा विश्वास नाही का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "त्यांचा आहे हो. माझ्या बहिणीला विचारा, ती तोच विषय शिकवते."

कारण तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण विसरल्याचं सोंग तुला छान जमतं. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की अर्पण घेऊन वेदीपाशी गेलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. बाबा हे अक्षरशः धरून बसलेत. मुलीच्या मनात आपल्याविरुद्ध आहे, म्हणजे समेट होईपर्यंत पुढे जायचं नाही. पाळकांनी समजावलं, दातवाल्या काकांनी चिडवलं, मी आदळआपट केली. काही उपयोग नाही. हट्टीपणा ह्या घरात कुणाकडून आला ते सांगायला नको.

आता नवीन काय ते ऐक. बाबांचा घसा आवळत चाललाय. आत्ता सूप जातं, दुधात भिजवलेला पाव जातो, तोही अर्धा तास लावून. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोटात नळी घालायची आहे, त्यानंतर तोंडाने काही नाही. म्हणजे भाकर घ्यायला त्यांच्याकडे दोनच पहिले रविवार उरले. एक ऑक्टोबरचा, एक नोव्हेंबरचा.

तर ये. भांडायचं असेल तर भांड, पण इथे येऊन भांड.

पुस्तकाचं प्रकरण मला उगाळायचं नाही. घरचं बायबल जुनं झालं होतं, नव्याने बांधलं, कडा कापल्या गेल्या. त्यावरून बापाशी अकरा वर्षं अबोला धरणारी विदुषी मी तरी दुसरी पाहिली नाही.

धाकटी

२१ सप्टेंबर, सोमवार

ताई,

तुझं पत्र मिळालं. चार पानं, आणि चारही पानांवर वेदी! तू म्हणतेस, मत्तयातली वेदी मंदिरातली, प्रभुभोजनाचं मेज वेगळं. तो नियम ह्या मेजाला लावणं नंतरच्या लोकांचं. पौल करिंथच्या मंडळीला जे खडसावतो, तेही मनातल्या पापांबद्दल नाही, तर श्रीमंत लोक गरीब पोचायच्या आत जेवून घ्यायचे त्याबद्दल. सगळं बरोबर असेल. तू शिकलेली आहेस. पण चार पानांत 'बाबा कसे आहेत' हे तीन शब्द कुठे मावले नाहीत? समासाला भरपूर जागा सोडली होतीस की.

तरी मी ते बाबांना वाचून दाखवलं. रविवारी दुपारी, स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलाशी. दातवाले काका होते. गावाचे दात काढता काढता आता त्यांचेच दात गेलेत, पण वाद घालायची खोड गेलेली नाही. देव मानत नाहीत आणि ह्या टेबलावरचा एकही रविवार चुकवत नाहीत. त्यांनी ताबडतोब तुझी बाजू घेतली. म्हणाले, "अहो, ऐकणारी माणसं गालीलातली, वेदी यरुशलेमात. मध्ये तीन-चार दिवसांची पायपीट. बोकड वेदीपाशी बांधून हा गृहस्थ घरी जाणार, भावाची समजूत काढणार, परत येणार. आठवडाभर बोकडाला चारा कोण घालणार? हा विनोद आहे, विनोद! तुम्ही तो कायदा करून बसलाय."

बाबा हसले. आता हसले की ठसका लागतो. पाणी पिऊन म्हणाले, "लांब आहे म्हणूनच सांगितलं असेल. भाऊ शेजारी राहत असता तर सांगायला कशाला लागलं असतं?"

मग मला तुझं पौलाबद्दलचं पान पुन्हा वाचायला लावलं. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे एक माणूस यायचा राहिला होता आणि बाकीचे जेवायला बसले, हाच गुन्हा ना? मग मी काय वेगळं म्हणतोय?"

काकांनी चहाची बशी पुढे ओढली आणि पावसाचा विषय काढला. हरले की ते पावसावर येतात.

तुझी ती मोठी पदवी ह्या टेबलावर सुरू झाली, हे तरी तुला आठवतं का? दर रविवारी दुपारी बायबल वाचायचं, पण वाचेल त्याने अर्थ सांगायचा नाही. प्रश्न पडला तर पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहायचा, खाली तारीख. आठवडाभर प्रश्न तिथे राहू द्यायचा. उत्तर सुचेल त्याने त्याखाली लिहायचं, मग तो पाळक असो की काकांसारखा नास्तिक. आणि कुणीही, काहीही खोडायचं नाही. बाबा सातवी शिकलेले, पण हे नियम त्यांचे. तू ते नियम घेऊन गेलीस आणि माणूस इथे ठेवून गेलीस.

ते तुझ्याकडे आले होते. दोन दिवसांचा प्रवास करून, पंचाहत्तराव्या वर्षी, तुझ्या कॉलेजच्या फाटकापाशी उभे राहिले होते. तू वर्गात होतीस म्हणे. संध्याकाळपर्यंत वर्ग चालला म्हणे. परत आले तेव्हा पायाला ही सूज. मी विचारलं तर म्हणाले, "भेट झाली नाही. फाटक चांगलं आहे."

शेवटी तू ते वाक्य लिहिलंस. 'कडा फार मळल्या होत्या.' आणि त्याखाली रेघ ओढलीस. हो, म्हणाले बाबा तसं. एक वाक्य चुकीचं बोलले असतील. त्याला अकरा वर्षं?

धाकटी

२८ सप्टेंबर, सोमवार

ताई,

ह्या वेळी तुझं पत्र चार ओळींचं. बाबा कसे आहेत ते विचारलंस, त्याची नोंद घेतली. तसेच आहेत. पाव आता पाऊण तास घेतो.

पुढचा प्रश्न मात्र वकिलासारखा. 'बांधणी तूच केली होतीस. मग कापायला सांगताना बाबा नेमके काय म्हणाले होते ते लिही.'

मला काय आठवतंय? मी तेव्हा नुकती शिकून बाहेर पडलेले. पुस्तक आणून दिलं, कापायला सांगितलं, कापलं. कारागीर कारणं विचारत नाही. लोक लग्नाचे अल्बम आणून देतात आणि त्यातला एक चेहरा काढून टाकायला सांगतात, तेव्हाही मी विचारत नाही. माझं काम शिलाई, खळ, पुठ्ठा. तुमच्या भानगडीत माझी साक्ष काढू नकोस.

एवढंच विचारायचं होतं तर येऊन विचारायचंस. येत्या रविवारी पहिला रविवार आहे. म्हणजे दोनातला एक. तू येणार नाहीस, हे मला आत्ताच दिसतंय. तिथे बसून पोरांना समेटावर टिपणं दे, परीक्षेला येईल त्यांच्या.

धाकटी

५ ऑक्टोबर, सोमवार

ताई,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

हे वाक्य लिहून मी उठले, दोन पुस्तकांना खळ लावली, हात धुतले, परत बसले. आता एका दमात लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा तुझ्यावर ओरडायला लागेन, ते मला फार सोपं जातं.

काल मी नेहमीसारखी ओळीत होते. अकरा वर्षं दर महिन्याला असते. बाबांच्या बाकावरून पुढे जाते, भाकर घेते, प्याला घेते, परत येऊन त्यांच्याशेजारी बसते. काल माझ्यापुढे चार माणसं होती. मी सहज मागे वळून पाहिलं. बाबा माझ्याकडेच बघत होते. रागाने नाही. पोर रस्ता ओलांडत असलं की बघतात ना, तसे. आणि माझ्या लक्षात आलं की हे अकरा वर्षं असेच बघत असणार. मी ओळीतून बाहेर पडले. मागच्या बाईला वाटलं मला चक्कर आली. मी जाऊन बाबांशेजारी बसले आणि त्यांच्या कानात म्हटलं, "कडा मी कापल्या. तुम्ही सांगितलं नव्हतं."

ते म्हणाले, "मला माहीत आहे की गं."

आता तू ऐक. ते पुस्तक मी सोमवारी दुपारी न विचारता उचललं होतं. बाबांना घंटेवर चाळीस वर्षं पुरी होणार होती. पाठ तुटलेली, पानं सुटलेली. मला वाटलं, आपलं पहिलं स्वतंत्र काम हेच करावं, शनिवारी समोर ठेवावं आणि सगळ्यांनी तोंडात बोटं घालावीत. आमचे उस्ताद सांगायचे, बाइंडर वाचायला लागला की काम बोंबललं. म्हणून मी वाचलं नाही. पानं फक्त मोजली. नव्याने शिवलं, पाठीला सरस लावला, दाबून ठेवलं, आणि शुक्रवारी मशीनखाली घालून तीन बाजू कापल्या. शिलाईनंतर तीन बाजू कापायच्या. हाताला तेवढंच ठाऊक होतं. वर्षभर शाळेच्या वह्याच तर बांधल्या होत्या मी. कडा अंगठ्यांनी काळ्या पडलेल्या, म्हणून अंमळ जास्तच कापल्या. दीड बोट.

कातरण खाली पडलं आणि त्याच्यावर पेन्सिल दिसली.

पंचवीस वर्षांचे प्रश्न, ताई. तुझे, आईचे ती होती तोवर, काकांचे, बाबांचे. पानांवर नुसती शेपटं राहिली, वेलांट्यांची आणि उकारांची. मी सगळं कातरण गोळा केलं, एका डब्यात कोंबलं आणि डबा कपाटामागे ढकलला. शनिवारी पुस्तक बाबांच्या हातात दिलं. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. "छान झालंय," म्हणाले.

आणि रविवारी तू आलीस.

आदल्या रविवारी तू काहीतरी लिहिलं होतंस हे मला ठाऊक होतं. तुझं बाळ जाऊन तेव्हा महिना झाला होता. नऊ दिवसांचं बाळ. बाप्तिस्मा झाला नव्हता म्हणून त्या वेळच्या पाळकांनी पेटी चर्चमध्ये आणू दिली नव्हती आणि बाबांना घंटा वाजवायची नाही असं बजावलं होतं. आणि बाबांनी वाजवली नाही. त्यानंतर तू त्यांच्याशी बोलत नव्हतीस, पण त्या रविवारी येऊन टेबलाशी बसलीस, पेन्सिल मागितलीस, लिहिलंस आणि गेलीस. आठवडा गेला. तू आलीस, पुस्तक उघडलंस, पान काढलंस. तिथे समासच नव्हता.

तू विचारलंस, "कुणी कापलं?"

मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. पण बाबा आधी बोलले. "मीच सांगितलं कापायला. कडा फार मळल्या होत्या."

आणि मी तोंड मिटलं. तू त्यांच्याकडे कसं बघितलंस ते मी पाहिलं. तुझं मेलेलं बाळ म्हणजे कडेचा मळ, असं तू ऐकलंस. मला ते त्याच क्षणी कळलं होतं. तरी मूग गिळून बसले. मला तुझी भीती वाटत होती. तुझा राग तेव्हा घराएवढा होता. मग वाटलं, उद्या सांगू. मग तू गावच सोडलंस. मग वाटलं, पत्राने सांगू. आणि मग मी पत्रं लिहायला लागले ती तुलाच शिव्या घालणारी.

काल मी बाबांना विचारलं, "का बोललात तसं?" ओळ अजून चालू होती. म्हणाले, "मला वाटलं, बापाला ती माफ करेल. बहिणीला करायला वेळ लागेल." मी म्हटलं, "आणि नंतर? नंतर का नाही सांगितलंत?" तर म्हणतात, "रोज वाटायचं, आज तू सांगशील."

मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. असा शहाणपणा करायला कुणी सांगितलं होतं? मी पडले असते तुझ्या तोंडी, दोन वर्षं बोलली नसतीस, संपलं असतं. त्यांनी ते स्वतःवर घेतलं आणि आपलं तिघांचंही वाटोळं केलं. हे सगळं मी त्यांना तिथेच बोलले, चर्चमध्ये, आवाज चढवून. पाळक प्याला हातात घेऊन आमच्याकडे बघत राहिले. बाबा म्हणाले, "खरं आहे तुझं. म्हणून तर बसलोय ना इथे. ताईशी खोटं मी बोललो. घंटाही मीच वाजवली नाही."

मग म्हणाले, "वाईट एवढंच वाटतं की मी उत्तर लिहिलं होतं. तिच्या प्रश्नाखाली. तेही गेलं."

"ते तिला का नाही कळवलंत?"

"कागद गेल्यावर 'मी लिहिलं होतं' म्हणायचं? कोण विश्वास ठेवेल? म्हणून तिच्या फाटकापाशी गेलो होतो. तोंडी सांगायला."

डबा अजून कपाटामागे आहे. अकरा वर्षांत मी तो उघडलेला नाही. आज उघडणार आहे. आधी हे पत्र टाकून येते, नाहीतर फाडून टाकीन.

धाकटी

६ ऑक्टोबर, मंगळवार

ताई,

सकाळपासून दुकान बंद ठेवलंय. काकांना बोलावून घेतलं. त्यांनी भिंग आणलं, मी चिमटा. दोघांनी मिळून पट्ट्या टेबलावर पसरल्या. शेकडो आहेत. काका मध्येच एखादी वाचायचे आणि म्हणायचे, "हा माझा! काय मूर्ख होतो मी!" मी त्यांच्यावर दोनदा खेकसले.

दुपारी तुझी सापडली. शमुवेलाचं दुसरं पुस्तक, दाविदाचं बाळ मरतं ते पान. अक्षर तुझंच, टोकदार, पेन्सिल कागदात रुतलेली. तू लिहिलं होतंस :

'दावीद उठला, अंघोळ केली, जेवला. नंतर त्याने बायकोचं सांत्वन केलं म्हणतात. ती काय म्हणाली? हे कुणीच का लिहिलं नाही?'

खाली तारीख. आणि तिच्या खाली बाबांचं अक्षर. शाळेतल्या मुलासारखं, एकेक अक्षर सुटं. दुसऱ्या दिवशीची तारीख. सोमवार, ज्या दुपारी मी पुस्तक उचललं तो. सकाळच्या घंटेआधी लिहिलं असणार.

'लिहिणाऱ्याने तिला विचारलंच नसेल. मीसुद्धा तुला विचारलं नाही. रविवारी विचारतो.'

काकांनी भिंग खाली ठेवलं आणि चष्मा पुसत बसले. 

पट्टी मी तुला पाठवणार नाही. ह्या घरातून कागद हरवायला मी एकटी पुरे आहे, टपाल खात्याची मदत नको. मी ती पानाला परत जोडली आहे. मागून पातळ कागदाची चिंधी, अगदी कमी खळ. जोड दिसतो. तेवढं एकच पान आता पुस्तकाच्या बाहेर दीड बोट येतं, आणि पुस्तक मिटलं तरी ते लपत नाही. कारागीर म्हणून मला लाज वाटावी असं काम आहे. तसंच राहू दे.

बाबांना दाखवलं. त्यांनी वाचलं नाही, नुसता हात ठेवला. म्हणाले, "तिला कळव, प्रश्न अजून विचारायचा राहिलाय."

कळवलं. नोव्हेंबरची पहिली तारीख रविवारी येते. मंगळवारी नळी.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते मागायला तोंड माझ्याकडे नाही. माझ्यावर जेवढं चिडायचं तेवढं चीड, सगळं माझ्या नावावर घे. पण त्यांच्यावरचं काढ. आणि ये.

धाकटी

२ नोव्हेंबर, सोमवार

ताई,

तुझा चष्मा इथे राहिलाय. टेबलावर, पुस्तकाशेजारी. रडताना काढून ठेवला होतास, तो घ्यायची शुद्ध राहिली नाही.

शनिवारी तू दारात उभी राहिलीस तेव्हा मला वाटलं होतं, आता एक मुस्काटात बसणार. ती बसली असती तर बरं झालं असतं. तू मला बाजूला सारून आत गेलीस. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलंस. मी बाहेर दोन तास पुठ्ठे कापत बसले, सगळे वाकडे. आतून आधी काही ऐकू आलं नाही. मग बाबांचा आवाज, आता तो आवाज कसला, नुसता श्वास. मग तुझा, आणि तो थांबेचना. तू काय सांगितलंस ते मला माहीत नाही. मी कान लावला नाही. ही माझ्या हातून झालेली एकमेव सरळ गोष्ट म्हणून लिहून ठेवते.

काल बाबा शेवटच्या बाकावरून उठले. त्यांचा हात तुझ्या दंडावर. पाळकांनी भाकरीचा नखाएवढा तुकडा द्राक्षारसात भिजवून जिभेवर ठेवला. सगळी मंडळी उभी होती आणि सगळे तो घोट उतरायची वाट बघत होते. काकासुद्धा. दारापाशी उभे होते, आत यायचं नाही हे त्यांचं ब्रीद आहे, तरी उंबरा ओलांडून दोन पावलं आत आलेले मी पाहिलं. घोट उतरला.

आणि उपासना संपल्यावर घंटा वाजली. नऊ ठोके. दोरीवर हात बाबांचे होते आणि जोर तुझा होता, हे मला खालूनही कळलं.

मी पुढे आले नाही, ते तू पाहिलंस. मी शेवटच्या बाकावर होते, बाबांच्या जागी. तू परत येताना माझ्यासमोर क्षणभर थांबलीस. मला वाटलं, बोलशील. तू म्हणालीस, "आत्ता नाही. मला जमत नाही." आणि चार वाजताच्या गाडीने गेलीस.

चीड आली मला. अजून आहे. त्यांना नऊ ठोके आणि मला 'आत्ता नाही'? पण चिडून मी जाणार कुठे? मत्तयातलं वाक्य समोर आहे, अकरा वर्षं बाबा धरून बसले होते तेच. तुझ्या मनात माझ्याविरुद्ध आहे, आणि ते खरं आहे. मग निघायचं मला आहे. कुणी निघायचं ह्यावर तू पुन्हा चार पानं पाठवू नकोस, मी वाचणार नाही.

उद्या बाबांची नळी. चार दिवस मी दवाखान्यात. पुढचे आठ दिवस काका आणि पाळक आळीपाळीने बसणार आहेत. भांडतील, बाबांना करमेल. मी शनिवारी निघते, सोमवारी सकाळी तुझ्या फाटकापाशी असेन. वर्ग असेल तर घे. संध्याकाळपर्यंत चालव. मी डबा, खळ आणि पातळ कागद बरोबर आणतेय, आणि पुस्तकही. बाबांनीच दिलंय. शेकडो पट्ट्या आहेत आणि हे एकटीचं काम नाही. एकीला पान धरावं लागतं.

चष्माही आणते. त्याशिवाय तुला जोड दिसायचा नाही.

धाकटी